प्रार्थनेतला 'आम्ही'

"प्रार्थनेला बसतो, पण मन लागत नाही." समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकले, हे आता सांगता येणार नाही. तान्ह्या बाळाच्या आईने ते म्हटले आहे, ईशज्ञानाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने म्हटले आहे, निवृत्त परिचारिकेने म्हटले आहे आणि एकदा तर एका पाळकांनी, दार नीट लागले आहे ना याची दोनदा खात्री करून घेतल्यावर, म्हटले आहे. वाक्य एकच असले तरी प्रत्येकाची त्याला जोडलेली पुस्ती वेगळी असते. कोणी म्हणते, पूर्वी असे नव्हते. कोणाला वाटते, देव माझ्यावर नाराज आहे. कोणाला भीती असते की आपला विश्वासच आटत चालला आहे. यानंतर बहुतेक जण उपाय विचारतात: पहाटे बसावे की रात्री, किती वेळ बसावे, गुडघे टेकावेत की नाही, कोणते पुस्तक हाती घ्यावे. या प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी आहेत आणि ती निरुपयोगीही नाहीत. मात्र ती मी हल्ली पहिल्या भेटीत देत नाही. असे का, हे एका गृहस्थांच्या अनुभवावरून सांगते. त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आठ महिन्यांच्या भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

ते पन्नाशीचे होते, व्यवसायाने हिशेब तपासनीस होते आणि आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील' म्हणून, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणारे ज्येष्ठ म्हणून, अनेक वर्षे सेवा करत होते. खुर्चीवर बसताच त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मी त्याच संध्याकाळी जसाच्या तसा टिपून ठेवला. "मॅडम, उपासनेत लोकांसमोर मी दहा मिनिटे न अडखळता प्रार्थना करतो. घरी दार लावून बसलो की दोन मिनिटांत शब्द संपतात. या दोन माणसांतला खोटा कोणता?" आपण ढोंगी तर नाही ना, अशी धास्ती मनात घेऊन जो माणूस आपणहून येतो, तो सहसा ढोंगी नसतो, हा माझा अनुभव आहे. पण असे सांगून त्याची धास्ती कमी होत नाही, म्हणून मी ते बोलले नाही.

आधी झोप, भूक, कामातला रस आणि माणसांत मिसळण्याची इच्छा यांविषयी मी विचारले. हे मी प्रत्येकाला विचारते, कारण प्रार्थनेतला कोरडेपणा आणि नैराश्याचा आजार बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात, आणि आजाराला 'आत्मिक परीक्षा' म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढणारी माणसे मी पाहिली आहेत. हा सावधपणा काही आधुनिक मानसशास्त्राचा शोध नव्हे. क्रूसाच्या योहानाने, स्पेनमधल्या एका संताने, १६व्या शतकात आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयी लिहिताना स्पष्ट बजावले आहे की कोरडेपणा देवाकडून आलेला आहे, की शरीराच्या किंवा मनाच्या दुखण्यातून, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. त्यासाठी तो तीन खुणा सांगतो: देवाच्या गोष्टींत गोडी राहत नाही, पण जगातल्या इतर गोष्टींतही ती लागत नाही, तरीही आपण देवापासून दूर तर जात नाही ना, ही काळजी सतत टोचत राहते, आणि पूर्वीसारखे विचारपूर्वक मनन करू म्हटले तरी जमत नाही. माझ्यासमोरच्या गृहस्थांना झोप लागत होती, कामात चूक होत नव्हती आणि भूक उत्तम होती. दुसरी खूण मात्र भरपूर होती. वैद्यकीय मदतीची गरज मला दिसली नाही आणि आम्ही पुढे गेलो.

त्यांनी आपली प्रार्थनेची वही दाखवली. सुवाच्य अक्षरात नावे, नावांपुढे विनंत्या, विनंत्यांपुढे तारखा आणि उत्तर मिळाले असेल तेथे बरोबरची खूण. वही वाईट नसते. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करावयाची, प्रार्थना करणारे कित्येक जण ती ठेवतात, आणि देवाने केलेले उपकार विसरू नयेत म्हणून ती उपयोगीही पडते. पण ही वही पाहताना मला एखाद्या कार्यालयातल्या आवक-जावक नोंदींची आठवण झाली, हे कबूल करते.

यानंतर मी एक चूक केली. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेत, जिला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, दिवसाच्या शेवटी करावयाच्या आत्मपरीक्षणाची एक साधी रीत आहे: उपकार आठवावेत, प्रकाश मागावा, दिवस पुन्हा डोळ्यांपुढून न्यावा, चुकले तेथे क्षमा मागावी आणि उद्यासाठी कृपा मागावी. ही रीत मला प्रिय आहे. मी स्वतः ती वर्षानुवर्षे करत आले आहे, आणि जे आपल्याला प्रिय असते ते समोरच्याच्या हाती लवकर ठेवण्याचा मोह समुपदेशकालाही होतोच. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक तक्ता होता. पाच स्तंभ, एकवीस ओळी आणि प्रत्येक चौकोनात दहापैकी गुण. सरासरी काढलेली होती. "क्षमेच्या स्तंभात मी कमी पडतो," ते गंभीरपणे म्हणाले. हिशेबाने गांजलेल्या माणसाला मी आणखी एक हिशेब आखून दिला होता.

म्हणून मी सगळे थांबवले. "पुढच्या वेळेपर्यंत प्रार्थना सुधारू नका," मी म्हटले. "फक्त मन पळाले की ते कोठे गेले, एवढे पाहा. त्याला ओढून आणू नका, रागावू नका. गावाचे नाव लिहा आणि सोडून द्या."

माझी एक ठाम धारणा आहे, आणि ती या कामातूनच तयार झाली आहे: प्रार्थनेत मन जेथे पळते, तेथेच बहुधा खरी प्रार्थना अडकून पडलेली असते. आपण विचलित होण्याला शत्रू मानतो आणि त्याच्याशी झगडण्यात सारा वेळ घालवतो. पण मुले अंगणात खेळताना पुन्हा पुन्हा एकाच झाडाकडे धावत असली तर त्या झाडावर काही तरी आहे, हे शहाणी आई ओळखते. दोन आठवड्यांनी त्यांनी यादी आणली. काही नोंदी कामाच्या, काही मुलीच्या परीक्षेच्या, आणि निम्म्याहून अधिक एकाच ठिकाणच्या: धाकट्या भावाचे नवे घर. "हे विनाकारण आहे," ते घाईने म्हणाले. "घर चांगले आहे, म्हणून आठवत असेल." मी मान डोलावली आणि तो विषय तेथेच राहू दिला.

त्याच भेटीत मी त्यांना विनंती केली की घरी जशी करतात तशी प्रार्थना येथे मोठ्याने करावी. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी येतो. आमच्या उणिवा तू जाणतोस. आम्ही तुझे आभार मानतो की तू आम्हांला हा दिवस दाखवलास..." आवाज स्वच्छ होता, शब्द पवित्र शास्त्राच्या वळणाचे होते, एकही वाक्य अर्धवट राहत नव्हते. आमेन म्हणून त्यांनी डोळे उघडल्यावर मी विचारले,

"घरी तुम्ही असे बसता तेव्हा खोलीत आणखी कोण असते?"

"कोणी नाही," ते चटकन म्हणाले. "मी एकटाच असतो."

"मग हे 'आम्ही' कोण?"

ते गोंधळले. मग त्यांच्यातला वडील जागा झाला आणि त्यांनी मला चांगलेच अडवले. "प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी आहे. 'माझ्या' असे तो म्हणाला नाही. मग 'आम्ही' म्हणण्यात चूक काय?"

आक्षेप रास्त होता आणि मला तयार उत्तर सुचले नाही. म्हणून आम्ही दोघांनी, जेथे ही प्रार्थना आहे तो, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडला आणि मागून वाचत गेलो. नवव्या वचनात 'आमच्या' आहे, हे खरेच. पण त्याच्या थोडे आधी, सहाव्या वचनात, प्रभू एकदम एका माणसाशी बोलू लागतो. पाचव्या वचनात 'तुम्ही', सातव्यात पुन्हा 'तुम्ही', आणि मध्ये हे एकच वचन एकवचनी: तू आपल्या खोलीत जा, दार लाव, आणि तुझ्या गुप्तवासी पित्याशी बोल. मूळ ग्रीकमध्येही हा बदल असाच आहे. म्हणजे 'आमच्या पित्या' ही हाक मारणारे सारे जण आधी एकेकट्याने त्या खोलीतून जाऊन आलेले असावेत, अशी अपेक्षा दिसते. आणि गेथशेमाने बागेत, क्रूसावर जाण्याआधीच्या रात्री, जेव्हा शिष्य झोपी गेले होते आणि दुःखाचा प्याला समोर होता, तेव्हा ज्याने आपल्याला 'आमच्या' शिकवले तो स्वतः 'माझ्या बापा' म्हणाला.

येथे एक विषयांतर करते, कारण मराठी माणसाच्या प्रार्थनेत भाषेचाही वाटा असतो आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. आपण देवाला 'तू' म्हणतो, जसे आईला म्हणतो. वडिलांना पुष्कळ घरांत 'तुम्ही' असते. त्यामुळे 'पित्या' आणि 'तू' हे दोन शब्द एकत्र उच्चारताना आपल्या जिभेवर दोन वेगळी नाती येतात. या गृहस्थांच्या तोंडी 'तू' होते, पण सूर मात्र अहवाल सादर करणाऱ्याचा होता. उपासनेतल्या प्रार्थनेला तसा भारदस्त सूर शोभतो, कारण तेथे एक जण अनेकांचे मनोगत वाहून नेत असतो. तोच सूर बंद खोलीत आणला की बोलणारा माणूस स्वतःचाच प्रतिनिधी होऊन बसतो. शिवाय 'आम्ही' हा मोठा सोयीचा शब्द आहे. 'आम्ही पापी आहोत' हे सहज म्हणता येते. 'आम्ही जळतो' असे कोणी म्हणत नाही. ते म्हणायला 'मी' लागतो.

त्या दिवशी निघताना मी त्यांना बायबलच्या स्तोत्रसंहितेतले २३वे स्तोत्र दिले, तेही पाठ करण्यासाठी नव्हे, कारण ते त्यांना लहानपणापासून पाठ होते. "देवाचा उल्लेख कोठे 'तो' आहे आणि कोठे 'तू' आहे, एवढेच पाहा," मी म्हटले, "आणि 'मी'ने सुरू होणारे एक वाक्य, फक्त एक, प्रार्थनेत म्हणून पाहा."

पुढच्या भेटीला ते वेळेआधी येऊन बसले होते. वही आणलेली नव्हती.

"पहिल्या तीन वचनांत 'तो' आहे," ते म्हणाले. "हिरव्या कुरणात, संथ पाण्याजवळ 'तो' आहे. दरी आली की 'तू' होतो. 'तू माझ्याबरोबर आहेस.' इतकी वर्षे म्हणतो आहे, कधी दिसले नव्हते." नंतर बराच वेळ ते खिडकीकडे पाहत राहिले. "मागच्या वेळी तुम्ही विचारलेत, खोलीत आणखी कोण असते. मी म्हणालो, कोणी नाही. एकटाच असतो, म्हणालो. घरी जाताना ते उत्तर माझ्या लक्षात आले. मंडळीचा वडील प्रार्थनेला बसतो आणि खोलीत कोणी नसते."

मी तो शब्द त्याच वेळी ऐकला होता. उत्तर त्यांच्या तोंडून निघताच मी ते पकडून दाखवले असते तर त्यांनी लगेच दुरुस्त केले असते: अर्थातच देव असतो, तसे नव्हे, मला वेगळे म्हणायचे होते. दुरुस्त केलेले वाक्य माणूस विसरतो, स्वतःला सापडलेले विसरत नाही. गप्प राहणे ही या कामातली सर्वांत उशिरा येणारी विद्या आहे, आणि त्या दिवशी ती मला जमली, याचा आनंद मी लपवत नाही.

"आणि 'मी'चे वाक्य?" मी विचारले.

घड्याळात चार मिनिटे गेली. समुपदेशनाच्या खोलीत चार मिनिटे म्हणजे फार मोठा काळ असतो.

"मला माझ्या भावाचे भले झालेले बघवत नाही."

मग ते सविस्तर बोलले. भाऊ काही वर्षे अडचणीत होता. धंदा बुडालेला, घरात भांडणे, मंडळीपासूनही दुरावलेला. यांनी त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली, मंडळीला करायला लावली, उपवास केले. आणि ती प्रार्थना ऐकली गेली. भाऊ सावरला, परत आला, त्याने देवाने आपल्यासाठी काय केले याची मंडळीसमोर साक्ष दिली, सर्वांनी देवाचे आभार मानले, आणि दोन वर्षांत त्याची स्थिती यांच्यापेक्षा चांगली झाली. वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण झाली. "त्यानंतर माझे तोंड बंद झाले," ते म्हणाले. "माझ्या मागण्यांपुढे खुणा नाहीत. मी कधी वाट सोडली नाही, आणि खूण त्याच्या नावापुढे."

माझ्यासाठीही हे नवीन होते. कोरडेपणाची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेने दुखावलेले असतात, आणि मीही नकळत तसेच काही शोधत होते: एखादा मृत्यू, एखादा नकार. ऐकली गेलेली प्रार्थनाही माणसाचा घसा असा कोरडा करू शकते, हे मला या गृहस्थांनी शिकवले.

"हे देवाला सांगायचे?" त्यांनी विचारले. "अशाच शब्दांत?"

मी लूकचा पंधरावा अध्याय काढला. उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना ठाऊक असतो: धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सारे उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो आणि थोरला रागाने आत येत नाही. पण मी त्या थोरल्या भावाचे बोलणे वाचायला सांगितले. धाकटा जेव्हा जेव्हा बोलतो तेव्हा 'बाबा' म्हणून सुरुवात करतो, डुकरे चारताना मनात जुळवलेल्या वाक्यातसुद्धा. थोरला आपल्या संपूर्ण तक्रारीत एकदाही बापाला तशी हाक मारत नाही. इतकी वर्षे केलेली चाकरी मोजून दाखवतो आणि भावाचा उल्लेखही 'माझा भाऊ' असा न करता 'हा तुमचा मुलगा' असा करतो. त्याच्याही हातात वही आहे. तरी या दाखल्यात बाप दोनदा घराबाहेर येतो, एकदा धाकट्यासाठी आणि एकदा थोरल्यासाठी, आणि दुसऱ्या वेळी बाहेर येऊन तो जे ऐकतो ती काही सुरेख प्रार्थना नव्हे. ती जळफळ आहे. ती जळफळ बाप शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि त्यानंतरच 'बाळा' म्हणतो. मला तर नेहमी वाटते की थोरल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा बापाशी मनातले बोलणे केले ते त्या संध्याकाळी, घराबाहेर उभे राहून, रागाने.

ते रडले नाहीत. समुपदेशनाच्या गोष्टींत या ठिकाणी माणसे रडतात, म्हणून मुद्दाम नोंदवते. त्यांनी पाणी मागितले, प्यायले, आणि म्हणाले, "तो शेवटी आत गेला की नाही, हे लिहिलेले नाही."

"नाही," मी म्हटले.

येथून पुढचे काम संथ होते. त्यातला जो भाग इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते तो सांगते, कारण सुरुवातीला विचारल्या जाणाऱ्या त्या वेळेच्या, जागेच्या आणि पद्धतीच्या प्रश्नांना आता कोठे अर्थ येतो.

पहिली गोष्ट वेळेची. त्यांनी एक तासाचा नेम धरला होता आणि तो पार पडत नाही म्हणून स्वतःला दोष देत होते. मी तो बारा मिनिटांवर आणला, पण एका अटीवर: कोरडे वाटले म्हणून अकराव्या मिनिटाला उठायचे नाही. इग्नेशियस याहून पुढे जातात. मन उदास असेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच बसावे, असे ते सुचवतात, आणि उदासीच्या काळात आधी घेतलेले निर्णय बदलू नयेत, असेही सांगतात. आणि कोणाला वाटत असेल की संतांना घड्याळाकडे पाहावे लागत नसे, तर स्पेनमधली संन्यासिनी संत आविलाची तेरेजा (१५१५–१५८२) स्वतःच्या जीवनकथनात प्रांजळपणे लिहिते की काही वर्षे तिला प्रार्थनेपेक्षा तास संपल्याचा ठोका कधी पडतो याचीच ओढ अधिक असे. याच बाईने त्याच प्रकरणात प्रार्थनेची सर्वांत साधी व्याख्या केली आहे: जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी एकांतात वारंवार केलेला मैत्रीचा संवाद. ठोक्याकडे कान लावून बसलेली स्त्री आणि ही व्याख्या करणारी स्त्री एकच आहे, हे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. मैत्रीत प्रत्येक भेट रंगतेच असे नाही. पण रंगत नाही म्हणून भेटणे सोडले तर मैत्री राहत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा उसने घ्यावेत, यात कमीपणा नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांमध्ये सर्वांत मोठा गट विलापाचा आहे, आणि ८८वे स्तोत्र तर कोणताही दिलासा न देता अंधारातच संपते. आपल्या उपासनांतून ही स्तोत्रे क्वचित वाचली जातात आणि त्यामुळे विश्वासू माणसाने देवाशी केवळ गोड बोलावे, असा समज होऊन बसतो. त्यांना मी १३वे स्तोत्र मोठ्याने, हळू, रोज एकदा वाचायला सांगितले, कारण त्यात 'कोठवर' हा प्रश्न देवाच्या तोंडावर चार वेळा विचारलेला आहे. स्तोत्राच्या शेवटी स्तुती येते, पण ती घाईने गाठू नये. आज चौथ्या वचनाशी थांबावेसे वाटले तर तेथे थांबावे.

तिसरी गोष्ट दिवसभराची आहे, आणि माझ्या मते प्रार्थनेची खरी खोली येथेच वाढते. 'निरंतर प्रार्थना करा' हे पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन वाचून संसारी माणूस दडपतो, पण त्याचा अर्थ निरंतर बोलत राहणे असा घेण्याची गरज नाही. पाचव्या शतकात योहान कासियान या संन्याशाने मिसरच्या वाळवंटातील संन्याशांची एक शिकवण लिहून ठेवली आहे: ७०व्या स्तोत्राचे पहिलेच वचन, ज्यात देवा, मला साहाय्य करण्यास त्वरा कर, अशी हाक आहे, तेवढेच भुकेत, झोपेत, रागात, मोहात, आनंदात, दिवसभर जवळ बाळगावे. एक ओळ पुरते. १७व्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स, जे १६९१ मध्ये वारले, म्हणत की त्यांच्यासाठी कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ वेगळी नव्हती, भांड्यांच्या गोंगाटातही देवाची सोबत तितकीच असे. मात्र ही सवय त्यांनाही आपोआप लागली नव्हती. सुरुवातीची कित्येक वर्षे मन निसटत असे आणि ते त्याला न रागावता परत आणत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी दिवसातले उंबरठे निवडायला सांगते: कामाच्या ठिकाणचे दार उघडताना, फोन उचलण्याआधी, पाणी तापेपर्यंत, दिवा मालवताना. त्या क्षणी एक श्वास आणि ती एक ओळ. या गृहस्थांनी उंबरठा निवडला तो भावाचा फोन वाजण्याचा. पहिले काही दिवस ओळ मनात येईपर्यंत फोन बंद पडत असे, असे ते म्हणाले, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा हसताना मी पाहिले.

भावासाठी प्रार्थना कशी करायची, हा प्रश्न उरलाच होता. आशीर्वाद मागितला तर ते खोटे वाटे आणि न मागितला तर पाप वाटे. मी सुचवले की काहीच मागू नये. फक्त त्याचे नाव घ्यावे आणि अर्धा मिनिट देवासमोर त्या नावाशेजारी बसावे. कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्रात पौल म्हणतो. तेव्हा योग्य शब्द सापडेपर्यंत मध्यस्थी थांबलेली असते, असे समजण्याचे कारण नाही.

आत्मपरीक्षणाची ती रीतही आम्ही काही महिन्यांनी पुन्हा घेतली, पण न लिहिता. अंथरुणावर पडल्यावर दोनच प्रश्न: आज कोणत्या क्षणी मी मोकळा होतो, आणि कोणत्या क्षणी दार लावून घेतले? उत्तर मिळो वा न मिळो, झोपून जायचे. गुण द्यायचे नाहीत, ही अट त्यांना सर्वांत जड गेली.

हा मत्सर गेला का, असे मला हे ऐकणारे विचारतात. पूर्ण गेला नाही. कोरडेपणाही पूर्ण गेला नाही; आठवड्यातले दोन-तीन दिवस ते नुसतेच बसतात. फरक एवढाच की आता मन भावाच्या घराकडे पळाले की ते त्याच्या मागोमाग देवालाही तेथे घेऊन जातात आणि काय दिसते ते सांगतात. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले की मंडळीतल्या एका जुन्या सभासदाने उपासनेनंतर त्यांना बाजूला घेऊन काळजीने विचारले, "तब्येत बरी आहे ना? तुमची प्रार्थना हल्ली फार लवकर संपते."